पायोनियर डे, ओ सुझॅना आणि पाचवीतली पोरं

सुमेधा_ओहायो
लेकीच्या शाळेत पुढच्या महिन्यात पायोनियर डे आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला जाऊन वस्ती करणाऱ्या लोकांचा दिवस. मुलींनी बॉनेट (हनुवटीखाली बांधायची जुन्या पद्धतीची टोपी) घालायचं, बरणीत क्रीम हलवून हलवून लोणी काढायचं आणि शेवटी सगळ्यांनी 'ओ सुझॅना' म्हणायचं. लोण्याला माझी काही हरकत नाही, गाण्याला आहे. पोरांना सांगितलंय की हे पायोनियर लोकांचं लोकगीत. अहो, स्टीफन फॉस्टर नावाच्या माणसाचं गाणं आहे ते, १८४८ साली छापलेलं, आणि मिन्स्ट्रेल शोमधे गाजलेलं, म्हणजे गोरे लोक तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामांची टर उडवायचे त्या शोमधे. मूळ दुसऱ्या कडव्यात पाचशे काळी माणसं मरतात आणि तो विनोद आहे! शाळेत ते कडवं अर्थातच गाळलंय, पण गाळलंय हेही कुणी सांगत नाही. पाचवीतल्या मुलांना एवढं सांगायला हवं, नाहीतर गाणं तरी बदला. टीचरला मेल करू का?

बंडूकाका
नका करू. दहा वर्षांचं पोर बॅन्जोच्या चालीवर उड्या मारतंय तर मारू द्या की. आणि लोकगीत नाही कसं? १८४९ मधे सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला निघालेल्या लोकांनी याच चालीवर स्वतःचे शब्द रचले, मूळ गाण्यात गुडघ्यावर बॅन्जो आहे, त्याच्या जागी सोन्यासाठी माती धुवायचं घमेलं आलं. लोकांनी उचललं, बदललं, गायलं, झालं लोकगीत. मूळ कवी कोण याची चौकशी करत बसलात तर निम्मी लोकगीतं बाद होतील.

सुमेधा_ओहायो
काका मग तेच सांगा ना वर्गात! तुम्ही दोन ओळींत सांगितलंत, टीचरला काय जड आहे? आणि बॅन्जोचं काय, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्याला तारा लावून बनवलेलं वाद्य ते, पोस्टरवर मात्र वॅगनपाशी बसलेला गोरा दाढीवाला वाजवतोय.

तंबोरा
मी टेक्सासमधे एलिमेंटरीला म्युझिक शिकवते म्हणून बोलते. आठवड्याला एक तास मिळतो, त्यात अर्धा वेळ पोरांचे रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य) शोधण्यात जातो. ही गाणी आम्ही घेतो कारण बरीचशी पाच सुरांत बसतात, आपल्या भूपासारखी, बेसूर पोरगंसुद्धा तरून जातं. पण सुमेधाचा मुद्दा मला पटतो. मी 'ओ सुझॅना' सोडून दिलंय, प्ले-पार्टीची गाणी घेते. खेड्यापाड्यात चर्चवाल्यांना नाच म्हणजे पाप आणि फिडल म्हणजे व्हायोलिन हे सैतानाचं वाद्य, मग तरुण पोरं वाद्याशिवाय नुसतं गात, टाळ्या वाजवत, जोड्या बदलत खेळायची आणि म्हणायची हा नाच नाहीच, खेळ आहे. पोरांना ही पळवाट इतकी आवडते की त्या काळाबद्दल प्रश्न आपोआप सुरू होतात.

बंडूकाका
हे बरंय. पण मग उद्या कुणी म्हणेल खेळ तरी कुणाच्या जमिनीवर चालला होता?

रानवारा
म्हणेल काय, मीच म्हणतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जवळपास फुकट, पाच वर्षं राहून कसायची अट. कुणाची होती ती जमीन? इथल्या मूळ जमातींची. त्याआधी चेरोकी जमातीलाही १८३८ मधे तिच्या जमिनीवरून असंच हाकललं, वाटेत हजारो मेले. लोणी-बॉनेटमधे हे कुठेच नाही. गाण्याच्या एका कडव्यावरून भांडताय आणि अख्खा पायोनियर डे मोकळा सोडताय, म्हणजे कमालच.

बंडूकाका
रानवारा, तुम्ही स्वतः ऑस्टिनमधे घर घेतलंत तेव्हा विचारलंत का हो? 😀 आणि ती माणसं पण काही मजेत नव्हती. ओरेगॉन ट्रेलवर, म्हणजे पश्चिमेला जायच्या वाटेवर, दोन हजार मैल, बहुतेक जण वॅगनशेजारून चालत, कॉलऱ्याने पटापट मरत. प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळरानावर, झाड नाही म्हणून पोरं बायसनच्या (रानगव्यासारखा प्राणी) रानगोवऱ्या वेचायची, त्यावर स्वयंपाक. शिकवायचं तर ते शिकवा, पोरांना आवडेल. सगळ्यात खलनायक शोधू नका.

रानवारा
घराचा टोला मान्य. पण दोन्ही शिकवता येतं, माझं तेच म्हणणं. कॅन्ससमधलं निकोडिमस घ्या, १८७७ मधे गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी वसवलेलं गाव. ते पायोनियर नव्हते का? बॉनेट त्यांच्या बायकाही घालत असणार.

तंबोरा
सुमेधा, मेल कर पण तक्रार म्हणून नको. घमेल्यावालं सोनं शोधणाऱ्यांचं कडवं टीचरला पाठव आणि विचार की दोन्ही शेजारी ठेवून गाऊ देता का. तयार साहित्य हातात आयतं मिळालं की आम्ही शिक्षक नाही म्हणत नाही, खरंच.

सुमेधा_ओहायो
हे जमेल. रानगोवऱ्यांचं पण टाकते मेलमधे. निकोडिमस माझ्याच्याने एका मेलमधे नाही होणार, पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगला रानवारा तुम्ही या झूमवर.

बंडूकाका
मेल लिहून झाला की इथे टाका आधी. भाषा मी बघतो, तुम्ही पहिल्याच ओळीत भांडाल.