मदत हवी आहे : आईबाबांना घेऊन मिशिगन सरोवराभोवती गाडीने फेरी, सात दिवसांत जमेल का?

नमस्कार मंडळी,

मी शिकागोजवळ राहते. आईबाबा साताऱ्याहून आलेत, ऑक्टोबरच्या मध्यावर परत जाणार. आले त्याच आठवड्यात लेक मिशिगनवर नेलं होतं, तर आई चपला काढून पाण्यात उतरली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली "अगं खारट नाहीये, मग हा समुद्र नाही होय? पलीकडचा काठ कुठाय?" बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, कोयनेवर बरीच वर्षं काढली, त्यांच्या लेखी शिवसागर म्हणजे मोठं पाणी, ते तर कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले. तेव्हाच मनात आलं की ह्या पाण्याला पूर्ण प्रदक्षिणा घालून आणायची दोघांना. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणजे गाडी मी एकटीच चालवणार.

साधारण प्लॅन असा केलाय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, मिशिगनच्या किनाऱ्याने वर, मॅनिस्टीपासून एम-२२ रस्ता धरायचा, स्लीपिंग बेअर ड्यून्स, ट्रॅव्हर्स सिटीला दोन रात्री, मग एम-११९ म्हणजे तो झाडांचा बोगदा, मॅकिनॉ सिटी, एक दिवस मॅकिनॉ बेटावर, पूल ओलांडून सू लॉक्स (जहाजं पाण्यासकट वरखाली करतात ती जागा), टाकॉमेनन धबधबा, म्युनिसिंगला पिक्चर्ड रॉक्स म्हणजे रंगीत कडे बघायची बोट आणि एस्कनाबा-ग्रीन बेवरून घरी. मॅपवर हजार-बाराशे मैल दिसतंय.

स्लीपिंग बेअरला मी कॉलेजात असताना गेले होते. तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची गोष्ट आहे ना, की पलीकडे विस्कॉन्सिनच्या जंगलाला वणवा लागला म्हणून अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन लेक पोहून आली, ती काठाला लागली पण पिल्लं मागे बुडाली, ती वाट बघत झोपली तो वाळूचा डोंगर आणि पिल्लांची ती दोन मॅनिटू बेटं. ही गोष्ट आईला तिथे उभं करून सांगायचीय, फोनवर कधीच सांगितली नाही.

आता अडचणी. आईचे गुडघे. सपाटीवर अर्धा तास चालते, पायऱ्या आल्या की संपलं. मागच्या ट्रिपला हॉटेलच्या वेबसाइटवर लिफ्ट लिहिली होती आणि पोचलो तर दुसरा मजला, जिना, लिफ्ट बंद, आई रेलिंग धरून एकेक पायरी चढली आणि रात्रभर पाय शेकत बसली, ते मला परत नकोय. दुसरं म्हणजे उंच पुलावर गाडी चालवताना माझे हात गार पडतात आणि मॅकिनॉ ब्रिज पाच मैलांचा आहे. तिसरं, दोघंही शाकाहारी, वरती गेल्यावर काय मिळतं? आणि मुख्य प्रश्न, सात दिवसांत हे सगळं बसेल की मिशिगन राज्याचा पुलापलीकडचा वरचा भाग, म्हणजे यूपी (अपर पेनिन्सुला), सोडून द्यावा? पण सू लॉक्स बाबांसाठी फार महत्त्वाचं आहे, एवढाली जहाजं २१ फूट वर उचलतात हे ऐकल्यापासून रोज विचारतात.

प्रतिसाद

ताई, यूपी सोडू नका. मी डेट्रॉइटकडे राहतो, आईवडलांना दोनदा नेलंय. फक्त रूट उलटा करा. तुम्ही म्हणता प्रदक्षिणा, पण तुमच्या प्लॅनमध्ये लेक सगळा वेळ डावीकडे राहतोय! आधी विस्कॉन्सिनवरून वर जा, मग लेक उजव्या हाताला येतो. नुसता शास्त्राचा प्रश्न नाही, इथे आपण उजवीकडून चालवतो, त्यामुळे बघायच्या जागी सरळ गाडी बाजूला घेता येते, समोरची वाहनं कापून डावीकडे वळावं लागत नाही. एम-११९ वर तर मधली रेघसुद्धा नाही, तिथे हे फार कळतं. आणि पानांचे रंग उत्तरेकडून खाली सरकतात, म्हणून शक्य असेल तर चार दिवस पुढे ढकला.

पहिली रात्र एस्कनाबा. दुसऱ्या दिवशी मॅनिस्टीकजवळ किच-इटी-किपीला नक्की थांबा. ४० फूट खोल झरा, पाणी इतकं नितळ की तळाची वाळू उकळल्यासारखी वर येताना दिसते, आणि दोरावरचा तराफा आपणच चाक फिरवून पलीकडे न्यायचा. चाक बाबांच्या हातात द्या. पिक्चर्ड रॉक्सची बोट वाऱ्यामुळे रद्द होते, म्हणून म्युनिसिंगला दोन रात्री ठेवा. टाकॉमेननच्या वरच्या धबधब्याला अगदी काठावर जायला नव्वदवर पायऱ्या आहेत, पण आईंना त्या उतरायची गरज नाही, वरच्या डांबरी वाटेवरूनही छान दिसतो. पाणी चहासारखं तांबूस असतं, दलदलीतल्या झाडांचा रंग उतरतो त्यात.

पुलावर बाहेरच्या लेनमध्ये राहा, आतली लेन लोखंडी जाळीची आहे, चाकं घुमतात आणि खाली पाणी दिसतं. अगदीच जमलं नाही तर पुलाची माणसं तुमची गाडी चालवून पलीकडे नेतात, आधी फोन करा. बेटावर १८९८ पासून मोटारी नाहीत, घोड्याची टॅक्सी मिळते, चालायचा प्रश्न नाही. जेवणाचं मात्र घरूनच बघा, तिकडची पेस्टी (मोठ्या करंजीसारखी) म्हणजे आत मांस. कुकर, भाजणी, मेतकूट घ्या आणि किचनवाली तळमजल्याची केबिन बघा, बुक करण्याआधी मालकाशी बोलून पायऱ्या किती ते विचारा. संध्याकाळी अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा, हरणं रस्त्यावर येतात.

धागाकर्तीकडून

खूप खूप आभार दादा! उजव्या हाताचं डोक्यातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली "मी आधीच म्हणणार होते." १ ऑक्टोबरला निघतोय, एक दिवस वाढवून आठ केले, म्युनिसिंगला दोन रात्रींची तळमजल्याची केबिन मिळाली, मालकीणबाईंनी दाराचा फोटो पाठवला, एकच पायरी आहे. बाबांनी सू लॉक्ससाठी वही काढलीय. आता फक्त एक सांगा, सूमध्ये जहाज कधी येणार ते आधी कळतं का, म्हणजे त्या वेळेला आम्ही तिथे उभे असू?