गुडघा बदलून दीड महिना झाला, पाय वाकेना आणि सरळही होईना

सायली_म
आईच्या उजव्या गुडघ्याची नी रिप्लेसमेंट होऊन दीड महिना होत आला. जखम छान भरली आहे, वॉकर सोडून ती काठीवर आली आहे. अडलंय ते वाकण्यापाशी. फिजिओ गोनिओमीटर (सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं साधन) लावून मोजतात, तर काटा ८० अंशांच्या पुढे जायला तयार नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई रुग्णालयात असतानाच ९० पर्यंत गेल्या होत्या, आणि ते आईच्या डोक्यातून जात नाही. गुडघा हाताला अजून गरम लागतो, बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे, चालताना आतून टकटक वाजतं. रात्री गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय झोप नाही.
डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत सुधारणा नसेल तर भूल देऊन वाकवावा लागेल. आईने त्याचा धसकाच घेतलाय. व्यायामाचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी. मी जोर करू की तिच्या कलाने घेऊ?

नीलाकाकू
सायली, आधी ती उशी काढ. आज रात्रीच.
सांध्यात सूज असली की तो किंचित वाकलेला असताना बरा वाटतो, म्हणून उशी गोड लागते. मलाही लागायची, आमच्या फिजिओबाईंनी सरळ उचलून नेली. रात्रभर पाय तसाच राहिला तर गुडघ्याची मागची बाजू आखडते, आणि मग ती सोडवायला घाम निघतो. दिवसातून काही वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन गुडघा अधांतरी राहू दे. पाच-दहा मिनिटं पुरे. आई तुला शिव्या देईल, ऐकून घे.
सगळे वाकण्याच्या मागे लागतात आणि सरळ होण्याकडे कुणी बघत नाही, हे माझं कायमचं गाऱ्हाणं आहे. पाय पुरता सरळ होत नसेल तर नुसतं उभं राहायलाही मांडीच्या स्नायूला राबावं लागतं. माणूस लंगडतो आणि पुढे कंबर कुरकुरायला लागते. घरच्या घरी बघायचं असेल तर आईला पलंगावर पाय पसरून बसव, गुडघ्यामागे तुझा तळहात सरकव आणि तिला म्हण, "माझा हात दाब." हात चांगला चेपला गेला तर ठीक. सुळकन बाहेर आला तर तिथे काम बाकी आहे. हेच दाबणं पाच मोजेपर्यंत धरून ठेवलं की मांडीचा व्यायामही होतो.
वाकवण्यासाठी खुर्ची बरी. बसून पाऊल मागे मागे सरकवायचं, टाच उचलू द्यायची नाही. माझ्या मुलाने अंगठ्यापाशी फरशीवर चिकटपट्टी लावली होती. पट्टी आठवड्यात बोटभर मागे गेली की मला तेवढं पुरायचं, अंशांचा आकडा मी विचारायचंच सोडलं. पलंगावर करत असाल तर टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेव, पाय अलगद घसरतो. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, बर्फ नंतर.
आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा विषय घरात बंद. ऑपरेशनआधी कुणाचा गुडघा किती वाकत होता यावर नंतरचं बरंच ठरतं.

फिजिओ_अनघा
काकूंशी सहमत. थोडी भर घालते.
सपाट रस्त्यावर चालायला ६५-७० अंश पुरतात, जिना चढायला ८५ च्या आसपास लागतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला १०० च्या जवळपास. म्हणजे आई ८० वर असेल तर चालण्यापुरतं तिने मिळवलंय, अडचण जिन्याची आणि बैठकीची आहे.
जोर करायचा का? दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघून ठरवा. आदल्या दिवशीपेक्षा जास्त सुजला असेल तर दामटलं गेलंय. सुजलेल्या सांध्यात वाकायला जागाच नसते, शिवाय सूज मांडीच्या स्नायूलाही मंद करते. एकदाच तासभर रडत करण्यापेक्षा दिवसभरात थोडं थोडं, पुष्कळदा.
भूल देऊन वाकवण्याची एवढी धास्ती नको. नवी चीर देत नाहीत. भुलेखाली डॉक्टर हाताने पाय वाकवतात आणि आतले चिकटलेले पडदे सुटतात. पण त्याचा उपयोग साधारण पहिल्या तीन महिन्यांत चांगला होतो, म्हणून भीतीपोटी पुढची भेट टाळू नका.
गरमपणा काही महिने राहतो. बधिरपणा चीर देताना कातडीची बारीक नस कापली जाते त्यामुळे येतो. तो भाग आक्रसत जातो, थोडा कायमचाही राहू शकतो. टकटक म्हणजे धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांवर टेकतात, दुखत नसेल तर सोडून द्या. मात्र पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक रुग्णालयात. आणि दुखऱ्या पोटरीला मालिश नकोच, आत गुठळी असू शकते.

रवी_के
पाय आपोआप हलवणारं यंत्र मिळतं ना भाड्याने? ते घ्यावं का यांनी?

फिजिओ_अनघा
सीपीएम म्हणता ना? त्यावर बरेच अभ्यास झाले, वाकण्यात जेमतेम दोन अंशांचा फरक निघाला. यंत्र पाय हलवतं, स्नायूला काही करावं लागत नाही. पैसे वाचवा.

सायली_म
तळहाताचा प्रयोग केला. हात सुळकन बाहेर आला! उशीवरून भांडण झालं, पण काढली. आता एवढंच सांगा, तिला जिन्याने खाली न्यायचंय, आधी कुठला पाय?

नीलाकाकू
चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी डाव्या हातात, कारण गुडघा उजवा आहे, आणि उतरताना ती ऑपरेशनच्या पायाबरोबर खाली. कठडा एकाच बाजूला असेल तर तो धरायचा आणि काठी दुसऱ्या हातात. उतरताना तू तिच्या एक पायरी खाली राहा, मागे नको.