पटायातल्या कॉन्डोसाठी कर्ज: कोणी काढलंय का?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी. पटायात जोमतियनला एक वन-बेडरूम बघून आलोय. किंमत ३० लाख थाई बात, म्हणजे आपले ८० लाखांच्या आसपास. निम्मे हाताशी आहेत, बाकीच्यासाठी ठाण्यातला फ्लॅट तारण ठेवावा म्हणतो. एजंट सांगतो, "पर्यटकांच्या भाड्यातून हप्ता सुटेल." बायको म्हणते, "मग त्यालाच घ्यायला सांगा." कोणाचा अनुभव?

फॉरेक्सवाल्या काकू:
वहिनींचं ऐका. निवृत्त होईपर्यंत मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होते, "तारण ठेवून काढू" म्हणणारे भरपूर बघितलेत. इथे राहणाऱ्याने परदेशात घर घ्यायचं तर पैसे एलआरएसमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून जातात, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. मर्यादेत तुम्ही आरामात बसता. पण अशा खरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवलंय. अर्जावर "घरदुरुस्ती" लिहा म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. थाई बँकाही तिथे नोकरी नसलेल्या परदेशी माणसाला सहसा दारात उभं करत नाहीत.

शिवाय टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक वर वसूल करते तो आगाऊ प्राप्तिकर. १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. एकट्याने ८० लाख पाठवलेत तर १४ लाख वेगळे लागतील. वहिनींचे स्वतःचे पैसे असतील आणि निम्मे त्यांच्या खात्यातून गेले, तर १२. रिटर्नमध्ये वळते होतात हो, ऑफिसात कळवलंत तर पगारातला टीडीएसही तेवढा कमी कापतील. पण तोवर अडकले ना!

आणि पैसे डॉलरमध्येच पाठवा. इथूनच बातमध्ये बदलून पाठवलेत तर पंचाईत. तिथल्या बँकेकडून परकीय चलन आल्याचा कागद घ्या, त्यावर खरेदीदार म्हणून तुमचंच नाव हवं. तो नसेल तर तिथलं लँड ऑफिस, म्हणजे मालमत्ता नोंदणीची कचेरी, कॉन्डो परदेशी माणसाच्या नावावर चढवत नाही.

बँकॉकवासी:
भाड्याचं मी सांगतो. हॉटेलचा परवाना नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देणं इथे बेकायदा आहे. बऱ्याच इमारतींत लिफ्टशेजारीच तशी पाटी असते. आणि एका इमारतीत ४९ टक्क्यांपर्यंतच क्षेत्रफळ परदेशी लोकांच्या मालकीचं असू शकतं. तुमचा फ्लॅट त्या कोट्यात आहे का? स्वस्त दाखवतात ते बहुधा थाई कोट्यातले.

नौपाडाकर:
आत्ताच विचारलं. म्हणतो, कोटा भरलाय, ३० वर्षांच्या लीजवर करून देतो. किंमत तीच.

फॉरेक्सवाल्या काकू:
मालकीच्या भावात लीज? वा! दुसरी इमारत बघा, तीही कर्जाशिवाय झेपणारी. आणि घर झालंच तर दरवर्षी आयटीआरमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता भरा. चुकलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.