८ निऑन टेट्रा मासे आणले, आठवड्यात ५ गेले, काय चुकतंय?

टाकीवाला_नवा:
नमस्कार मंडळी, पुण्यात राहतो. २ फुटी टाकी घेतली (२ बाय १ बाय १), रविवारी पाणी भरून फिल्टर लावला आणि सोमवारी ८ निऑन आणून सोडले. दुकानदार म्हणाला अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब) टाका, बास. तिसऱ्या दिवशी एक पोट वर करून तरंगत होता, मग रोज एकेक, आता ३ उरलेत आणि तेही फिल्टरमागे कोपरा धरून बसतात, खायला टाकलं तरी पुढे येत नाहीत. काल घाबरून सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज पण नळाखाली स्वच्छ पिळून काढला. सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं, नळावर पांढरे डाग पडतात. अजून एक, पहाटे लाईट लावला तर तिघं पांढुरके, निळी पट्टी गायबच! आई म्हणाली हेही चालले. थोड्या वेळाने रंग परत आला. रोग आहे का हा?

पाणवेडा:
रंगाचं टेन्शन नको, निऑन अंधारात रंग सोडतात, उजेड झाला की पट्टी परत येते. दिवसाढवळ्या पांढरा डाग राहिला, पाठ वाकडी झाली तर मात्र तो मासा लगेच वेगळा काढा, त्या रोगाला औषध नाही.

खरा घोळ सोमवारी झालाय. माशांच्या कल्ल्यांतून आणि शीतून अमोनिया सुटतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आधी एक जात अमोनियाचं नायट्राइट करते (तेही विषच), मग दुसरी त्याचं नायट्रेट, जे पाणी बदलून काढता येतं. तुमच्याकडे पहिली जात पण नव्हती आणि जे काही चार जमले असतील ते काल नळाखाली गेले, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन. स्पंज कायम टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत हलकासा पिळायचा, घाण दिसला तरी चालेल.

अमोनियाची टेस्ट किट आणा आणि बघा.

जय_मल्हार_७७:
भावा मूठभर खडेमीठ टाक, आमच्या गोल्डफिशला तेच चालतं.

कोथरूडची_मावशी:
मल्हार भाऊ, मिठाने अमोनिया जात नाही हो. निऑन ॲमेझॉनकडचे, मऊ आणि किंचित आंबट पाण्यातले, त्यांना मीठ कशाला.

टाकीवाले, नळावर डाग म्हणजे पाणी जड (क्षारांचं), पीएच (पाणी किती आंबट की अल्कधर्मी याचं माप) बहुधा वर असणार, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त जहरी. म्हणून तुमच्याकडे इतक्या भराभर गेले. मी निम्मं पाणी घरच्या आरओचं घालते, पण एकदम नाही हं, दर वेळी थोडं थोडं, नाहीतर त्याच झटक्याने जातील. आणि कंपाउंडमधल्या देशी बदामाचं गळून पडलेलं वाळकं पान (फवारणी केलेल्या झाडाचं नको) धुऊन एक सोडा, पाणी चहासारखं होतं, निऑनना ते मानवतं. त्याने जडपणा जात नाही, तो आरओनेच.

तीनच आहेत म्हणून कोपरा धरतायत, हा थव्याचा मासा, निदान ८-१० हवेत. पण आत्ता नवीन आणू नका!! खरं तर नव्या टाकीत पहिल्यांदा झेब्रा डॅनिओ बरे पडतात, आपल्याकडच्याच नद्यांमधले, जड पाणी पण सोसतात. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण निऑन मेले की तुम्ही परत निऑनच घ्यायला येता.

टाकीवाला_नवा:
किट आणली. थेंब टाकले तर पिवळं राहायला हवं ते गर्द हिरवं झालं, चार्टवर २ पीपीएम (दहा लाखात २ भाग) 😟 आता?

पाणवेडा:
आज निम्मं पाणी बदला, उद्यापासून रोज चौथा हिस्सा, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन आधी घालून आणि तापमान हाताला सारखं लागेल असं. खाणं एक दिवसाआड, चिमटीत फ्लेक्स चुरडून, दोन मिनिटांत संपेल एवढंच. ओळखीत कुणाची जुनी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरचा काळा स्पंज थोडा कापून आणा, ओलाच, आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, निम्मा वेळ वाचेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य दिसले की मगच ५-६ निऑन आणा.

टाकीवाला_नवा:
१२ दिवसांनी अपडेट. ऑफिसातल्या एकाकडून स्पंज मिळाला, अमोनिया परवापासून शून्य, नायट्राइट अजून थोडं दिसतंय. तिघंही जिवंत, आज पहिल्यांदा पुढच्या काचेशी येऊन खाल्लं. बदामाचं पान पण टाकलंय, आई विचारते टाकीत काढा कशाला भरून ठेवलायस.