अनुभव धागा: शॉर्टवेव्ह रेडिओ हातात आल्यावर तुम्ही काय काय केलंत?

हातात मावणारे मल्टीबँड रेडिओ अजूनही बनतात आणि लोक ते हौसेनं घेतातही. मग बऱ्याच घरांत ते थोड्याच दिवसांत कपाटात जातात, आणि कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "शॉर्टवेव्हवर नुसती खरखर येते, काही लागत नाही." सेट बहुतेक वेळा धडधाकट असतो. तो एफएमच्या सवयीनं लावलेला असतो, म्हणजे वाटेल तेव्हा, वाटेल तिथे बसून. शॉर्टवेव्हचं तसं नाही. तिथे वेळ, बँड आणि घरातली जागा असं तिन्ही जुळलं तरच आवाज येतो.

म्हणून हा धागा. माहितीपुस्तिकेतलं नको. तुम्ही सेट कसा लावता, कुठली बटणं रोज दाबता आणि कुठल्या बटणांना हातही लावत नाही, ते लिहा. दोन ओळींचा प्रतिसादही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी आधी घड्याळ बघते, मग बँड ठरवते. ऊन असताना १९, १६ आणि १३ मीटर, म्हणजे साधारण १५, १७ आणि २१ मेगाहर्ट्झ. दिवस कलला की २५ आणि ३१ मीटर. रात्री ४१ आणि ४९. शॉर्टवेव्हच्या लहरी जमिनीकडे परत फिरवणारं वातावरणातलं उंचावरचं विद्युतभारित आवरण म्हणजे आयनोस्फिअर. त्याचा सगळ्यात खालचा 'डी' थर दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. अंधार पडला की तो विरतो आणि खालचे बँड एकदम भरून जातात. वरच्या बँडचं उलट. रात्री त्या लहरी परत फिरवण्याइतका दम वरच्या थरात बहुधा उरत नाही, मग त्या थेट अवकाशात जातात. नवख्या माणसाला एकच बँड सांगायचा झाला तर मी ३१ मीटर सांगेन, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ. तिथे जवळजवळ कुठल्याही वेळी कोणी ना कोणी बोलत असतं. मीटर आणि मेगाहर्ट्झचा गोंधळ होत असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, मीटर मिळतात.

लिहा आता.

*

ताई, स्टेशन शोधण्याच्याही आधीचं थोडं लिहितो.

सेल कुठले घातलेत ते सेटला सांगावं लागतं. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे. जे सेट आतच सेल चार्ज करतात, त्यांच्यात यासाठी एक सेटिंग असतं. अल्कलाइन सेल घालून चार्जिंग चालू केलं तर ते गळतात, फुटूही शकतात. सेट महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलनं खाल्लेली स्प्रिंग साफ करत बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

दुसरं, मीडियम वेव्हची पायरी, म्हणजे स्कॅन करताना सेट किती किलोहर्ट्झची उडी मारतो ते. अमेरिका खंडात स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, बाकी जगात ९ च्या. आयात केलेला सेट १० वर असेल तर १०४४ चं स्टेशन स्कॅनमध्ये १०४० वर थांबतं आणि घोगरं, शिट्टी मारत ऐकू येतं. लोक एरियलला दोष देतात.

आणि घड्याळ. शॉर्टवेव्हची सगळी वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. मी रेडिओचं घड्याळ यूटीसीलाच लावून ठेवलंय; घरची वेळ बघायला मनगट आहे. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या सोमवारी "माझं नेहमीचं स्टेशन बंद पडलं" अशी हाकाटी हमखास होते. बंद पडलेलं नसतं, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलेलं असतं.

*

आमच्या इमारतीत शॉर्टवेव्ह म्हणजे भुणभुण. ती कुठून येते हे शोधायला मी रेडिओच वापरला. सेट सेलवर चालू केला, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास एक रिकामी जागा बघितली, आवाज वाढवला आणि घराचा मेन स्विच खाली केला. भुणभुण निम्म्याहून कमी झाली. मग एकेक स्विच वर करत गेलो. फ्रीज निर्दोष निघाला. राउटरचा अडॉप्टर मात्र कडकड करत होता, आणि बैठकीतला एक एलईडी दिवा लावला की अख्खा ४१ मीटर बँड झाकला जायचा. त्याच्या शेजारचा, दिसायला अगदी तसाच दिवा एकदम गप्प. दिवा बदलला. अडॉप्टरच्या वायरला फेराइटचं (अशी भुणभुण अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाचं) कडं घालून त्यातून चार वेढे काढले.

उरलेली भुणभुण शेजाऱ्यांची, तिला इलाज नाही. पण सेट हातात धरून घरभर फिरलं की कळतं, भिंतीतल्या वायरिंगपासून हातभर दूर गेलं तरी फरक पडतो. आमच्याकडे खिडकीचा एक कोपरा चांगला आहे, दुसरा टाकाऊ. रेडिओला स्वतःचा अडॉप्टर जोडून ऐकण्याचा नाद सोडाच, सेलवर ऐका.

*

काट्याचा सेट वापरणारा मी इथे एकटाच दिसतोय.

माझ्या पट्टीवर ४९ मीटरचा बँड बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत बसतो. शॉर्टवेव्हवरची स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतरानं, त्यामुळे चाक केसभर हललं की दोन-तीन स्टेशनं निघून जातात. मी आकड्यांवर विसंबतच नाही. एक ओळखीचं स्टेशन पकडतो, तिथे पट्टीच्या काचेवर पेन्सिलीनं बारीक खूण करतो आणि तिथून डावीकडे-उजवीकडे सरकतो. ओळख पटवायची तर बरोबर तासाला कान द्यायचा. बहुतेक स्टेशनं त्याच सुमारास आपलं नाव सांगतात, काहींची आधी ठरलेली धून वाजते.

स्वस्त सेटचा एक खेळ माहीत असावा. त्यांच्यात जोरदार स्टेशन दोन ठिकाणी लागतं: एकदा खऱ्या जागी आणि एकदा त्याच्या ९१० किलोहर्ट्झ खाली. सेट आत प्रत्येक स्टेशन ४५५ किलोहर्ट्झच्या एका मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवून घेतो, तिची ही दुप्पट. ८७४० वर कोणी मोठ्यानं बोलताना सापडलं तर आनंद होण्याआधी ९६५० वर जाऊन बघा. तिथे तोच माणूस अधिक स्वच्छ बोलत असेल, तर ८७४० ची ती नुसती सावली.

*

मला दिसत नाही, त्यामुळे माझी सेट निवडायची रीत वेगळी. पडदा किती मोठा, रंगीत की साधा, याच्याशी मला घेणं नाही. मला आकड्यांची बटणं हवीत, आणि ५ वर टिंब हवं. बोट त्या टिंबावर ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. फ्रिक्वेन्सी थेट दाबून जाते: ९, ७, ३, ०. चाकाला टिकटिक लागणारे खाचे असले तर उत्तम, एका खाचेला ५ किलोहर्ट्झ ठेवायचे आणि मोजत जायचं. गुळगुळीत चाक माझ्या काही कामाचं नाही. बटणांचा 'बीप' बरेच जण बंद करून टाकतात, मी तो मुद्दाम चालू ठेवते. बटण नीट दाबलं गेलं की नाही, हे मला त्याच्यावरूनच कळतं.

सेट पिशवीत घालताना लॉकचं बटण सरकवायला विसरू नये, नाहीतर बाहेर काढेपर्यंत सेल संपलेले.

स्कॅन करून आपोआप साठवण्याची सोय मी शॉर्टवेव्हवर वापरत नाही. ती खरखरीवरही थांबते आणि मेमरीची घरं कचऱ्यानं भरून टाकते. एफएमला ठीक आहे.

*

वायरबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? पाच-सात मीटर साधी, प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची वायर, एका टोकाचं आवरण सोलून कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं एरियलच्या दांडीवर पकडायची. दुसरं टोक खिडकीबाहेर, जमेल तितकं इमारतीपासून लांब. बास. फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

पण जास्त लांब वायर म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. छोटे सेट दांडीच्या एरियलसाठी बनलेले असतात. वीस-तीस मीटर वायर जोडली की रात्रीच्या वेळी ते गुदमरतात, तीन स्टेशनं एकमेकांवर चढून सगळ्या बँडभर पसरतात. अशा वेळी 'डीएक्स'वरचं (लांबच्या स्टेशनांसाठीचं) बटण 'लोकल'वर (जवळच्यांसाठी) आणा. आवाज बारीक होईल पण शब्द कळतील.

ढग गडगडायला लागले की वायर काढायची. वीज घरावर पडायलाच हवी असं नाही. दूर कुठे पडली तरी वायरवर येणारा झटका सेटचा पुढचा ट्रान्झिस्टर जाळायला पुरतो.

मीडियम वेव्हला दांडी ओढून उपयोग नसतो, त्याचा एरियल पोटात, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. तिथे अख्खा रेडिओ फिरवायचा. एका दिशेला स्टेशन जवळजवळ नाहीसं होतं, तिथून पाव फेरा फिरवला की सगळ्यात जोरात येतं.

*

ज्यांच्या सेटवर एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे सिग्नलची एकच बाजू पाठवायची पद्धत) आहे त्यांनी ते बटण शोभेचं समजू नये. हौशी रेडिओवाल्यांची बोलणी तिथेच ऐकू येतात. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू), असा त्यांचा रिवाज. ७१०० च्या आसपास संध्याकाळी फिरलात तर नाकातून येणारं, शब्द न कळणारं बोलणं लागेल. एलएसबी लावा आणि बारीक ट्यूनिंगचं चाक अगदी हळू फिरवा. आवाज चिरका, मग किनरा, आणि एका जागी अचानक माणसाचा होतो. ती जागा फार तर वीस-तीस हर्ट्झ रुंद असते. घाईच्या हाताला ती लागत नाही.

सेटचा आकडा खरा आहे का, हेही यातून तपासता येतं. १०००० किलोहर्ट्झवर वेळ सांगणारी स्टेशनं असतात: अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही, हवाई बेटांवरचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच, चीनचं बीपीएम. पहिल्यावर पुरुषाचा आवाज, दुसऱ्यावर बाईचा. दर सेकंदाला टिक पडते. एसएसबीमध्ये बरोबर १०००० लावल्यावर मागे बारीक सूर ऐकू आला तर सेट तेवढाच सरकलेला आहे. ५००० आणि १५००० वरही करून बघा. यातलं कुठलं कधी लागतं, यावरून कुठला बँड उघडा आहे त्याचाही अंदाज येतो, म्हणून मी रोजची सुरुवात तिथूनच करतो.

*

एकसारखी, धबधब्यासारखी खरखर बरोबर १० किलोहर्ट्झ रुंदीत येते आणि दोन्ही कडांना चिरल्यासारखी थांबते, असं काही सापडलं तर घरातले दिवे तपासू नका. ते डिजिटल प्रसारण असतं, डीआरएम. साध्या सेटला ते कळत नाही. पुढे चला.

*

त्याच धर्तीवर: एका दुपारी माझ्या सेटवरचे सगळे बँड एकदम गप्प झाले. खरखरसुद्धा बारीक. एफएम मात्र व्यवस्थित. मी वायर काढून पाहिली, सेल बदलले, आणि मग सेट तसाच चालू ठेवून बाकीचं काम करत बसलो. अर्ध्या-पाऊण तासानं आधी वरचे बँड परत आले, खालचे त्यानंतर बऱ्याच वेळानं. सूर्यावर मोठा झोत उसळला की त्याचे एक्स-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, 'डी' थर दाट होतो आणि उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीवर शॉर्टवेव्ह बसते. रात्रीच्या बाजूला काही होत नाही. सूर्याचं हे चक्र साधारण ११ वर्षांचं. भरात असतं तेव्हा असे धक्के जास्त, पण १३ मीटरसारखे वरचे बँडही तेव्हाच खरे रंगात येतात. मला हा सौदा मंजूर आहे.

*

मी ऐकलेलं लिहून ठेवते आणि स्टेशनला कळवते. पद्धत जुनी आहे: सिन्पो. सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाचं चढणं-उतरणं आणि एकूण कसं ऐकू आलं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ५ म्हणजे उत्तम. माझे बरेचसे ३५४३३ च्या आसपास असतात. सगळीकडे ५५५५५ लिहिणाऱ्यांचा स्टेशनच्या इंजिनिअरला काडीचा उपयोग नाही. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कार्यक्रमात काय होतं याच्या दोन-चार खुणा लिहिल्या की काही स्टेशनं अजूनही क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती पाठवतात. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलची कार्डं देखणी असतात.

*

सगळं वाचलं. पण खरं सांगा, आता ऐकण्यासारखं उरलंय किती? आणि नवीन सेट घेताना नेमकं बघायचं काय?

*

(धागाकर्ती) पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत देणार नाही: पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. रेडिओ ऑस्ट्रेलियानं शॉर्टवेव्ह जानेवारी २०१७ मध्ये बंद केली, त्याच्या आधी आणि नंतर इतर अनेकांनी. चीनची स्टेशनं बँडभर पसरलेली आहेत. त्याशिवाय रोमानिया, न्यूझीलंड, क्यूबा, कोरिया, जपान, धार्मिक प्रसारणं आणि हौशी मंडळी आहेत. एकाच स्टेशनचा रोजचा कार्यक्रम स्वच्छ ऐकायचा असेल तर इंटरनेट बरं. आज काय लागतंय हे बघण्यात मजा वाटणार असेल तरच रेडिओ घ्या.

सेटमध्ये मी आकड्यांची बटणं आणि बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी ऐकतो तो पट्टा, कमी-जास्त करायची सोय बघेन. शेजारचं स्टेशन टोचत असेल तर ६ वरून ३ किलोहर्ट्झवर आणायचं, आवाज दबतो पण बोलणं सुटं होतं. 'सिंक' असेल तर आणखी चांगलं, आवाज वरखाली होताना जो फाटल्यासारखा येतो तो त्यानं सावरतो. एसएसबीचं वर लिहून झालंच आहे. किती बँड आहेत याच्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा. १२ बँडवाल्या पुष्कळ सेटवर एकच शॉर्टवेव्ह तुकडे करून मोजलेली असते, आणि मधल्या जागा, जिथे कधीकधी चांगलं काही असतं, त्या सुटलेल्या असतात. २.३ ते २६.१ मेगाहर्ट्झ सलग जाणारा सेट बघा. जुना घेत असाल तर एरियलचा खालचा सांधा हलवून बघा, आणि सेलचा कप्पा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.