मुलगी एएस, मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह. पुढे काही तपासायचं का?

धंतोली२२:
मुलीकडे सिकल सेलचं कार्ड आहे, एएस, म्हणजे ती वाहक. मुलाची सोल्युबिलिटी, म्हणजे सिकल सेलची साधी रक्तचाचणी, निगेटिव्ह आली. नागपुरात दोन्हीकडची मंडळी म्हणतात, झालं, आता लग्नाची तारीख काढा. खरंच झालं का?

नळी_आणि_रेघा:
नाही झालं. ही चाचणी फक्त एस, म्हणजे सिकल सेलचं हिमोग्लोबिन पकडते. डायथायोनाइटच्या द्रावणात रक्त टाकायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. पाच मिनिटांत रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. मुलगा बीटा थॅलेसिमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असेल तर रेघा स्वच्छ दिसतात. पण त्याचा तो दोष आणि मुलीचा एस एकाच बाळात आले, की बाळ एसएससारखंच (आईबाप दोघांकडून एस आलेल्या बाळासारखंच) आजारी पडू शकतं. डी-पंजाब या आणखी एका सदोष हिमोग्लोबिनचंही तेच. शिवाय हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर एस असूनही निगेटिव्ह येते.

मुलाची एचपीएलसी (कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते मोजणारी चाचणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) एकदमच करा. जांभळ्या झाकणाची नळी, २ मिली रक्त, उपाशी राहायचं कारण नाही. तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा, नाहीतर दात्याचंच हिमोग्लोबिन मोजलं जाईल.

खामला_पॅथ:
मुलाच्या एचपीएलसी रिपोर्टवर ए-टू हिमोग्लोबिन किती ते बघा. ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसिमियाचा वाहक धरून पुढची तपासणी. लोह कमी असलं की ए-टू खाली उतरतो आणि वाहक निसटतो. म्हणून सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली नि लाल पेशी ५० लाखांच्या वर दिसल्या तर फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची चाचणी) करा, कमी असेल तर लोह भरून काढा, मग परत एचपीएलसी.

मुलीचा रिपोर्टही काढा हो, नुसत्या कार्डावर जाऊ नका. एएसमध्ये ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन जास्त, एस साधारण ३५-४० टक्के. एस ए-पेक्षा जास्त निघाला तर ते साधं एएस नाही. तिचा ए-टू ४ दिसला तर लगेच घाबरू नका, एस असला की यंत्र तो थोडा फुगवून दाखवतं.

धंतोली२२:
आणि मुलगाही वाहक निघाला तर? मोडायचं?

नळी_आणि_रेघा:
मोडायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवावं, मामा-काकांनी नाही. दर गरोदरपणात बाळ आजारी निघण्याचा धोका २५ टक्के, आणि दरवेळी नव्याने. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. दोघांची जनुक तपासणी दिवस राहण्याआधीच करून ठेवा. गर्भ तपासायला वारेचा तुकडा ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १६ नंतर. आईबापाचा नेमका दोष तेव्हा शोधत बसलं तर आठवडे हातातून जातात.

खामला_पॅथ:
गर्भात तपासलं नाही तर जन्मल्याबरोबर बाळाची एचपीएलसी. सहा महिन्यांपर्यंत सोल्युबिलिटी नकोच, एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने खोटी निगेटिव्ह येते, आणि एसएस बाळाला पेनिसिलिन तर दोन-तीन महिन्यांचं असतानाच सुरू व्हायला हवं.