गरोदरपणातील मधुमेह : आहार आणि इन्सुलिनबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना सुरू आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत तिची साखर १६२ आली; हा आकडा १४० किंवा त्याहून अधिक असल्यास गरोदरपणातील मधुमेह धरतात. डॉक्टरांनी आधी दोन आठवडे आहार सांभाळायला सांगितले आणि साखर उपाशीपोटी ९५च्या, तर जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत हवी, असे बजावले.

ग्लुकोमीटरच्या नोंदी ती वहीत नेमाने लिहिते. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाचे वरण खाल्ले की आकडा ११५च्या आसपास राहतो. नाश्त्याला बशीभर पोहे खाल्ले तर मात्र १५०च्या पुढे जातो. सकाळची उपाशीपोटी साखर तर काही केल्या शंभराच्या खाली येत नाही, म्हणून आता इन्सुलिन सुरू करायचे ठरले आहे. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावले, तरी सुई एकदा लागली की जन्माची, ही सासूबाईंची धास्ती जात नाही. या धास्तीपायी जाऊ जेवणच कमी करू लागली आहे, याची मला अधिक काळजी वाटते.

आपल्यापैकी कोणी गरोदरपणात इन्सुलिन घेतले असल्यास, ते बाळंतपणानंतर केव्हा थांबले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत साखर किती आली, हे कृपया सांगावे. कोथरूड, कर्वेनगर परिसरात मराठी घरातील जेवण लक्षात घेऊन गरोदर स्त्रियांना तक्ता देणारे आहारतज्ज्ञ माहीत असल्यास तेही कळवावे.